विजेची बस आणि आपला ऊस



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मागच्या रांगेतून एक सभासद उठले आणि म्हणाले, "बस विजेवर चालल्या, मोटारी विजेवर चालल्या, मग आपल्या इथेनॉलचं करायचं काय? आणि डिस्टिलरीचं कर्ज फेडायचं कुणी?" सभेत हशा पिकला. वेळ उरला नव्हता, म्हणून उत्तर राहून गेले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०१८ पासून केंद्राच्या व्याज-सवलतीच्या आधाराने राज्यातल्या पुष्कळ कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभारल्या, वाढविल्या. आपणही त्यातलेच. ते कर्ज अखेर आपल्या उसाच्या पैशातूनच फिटावयाचे आहे. म्हणून सभासद शिक्षणाचा या खेपेचा पाठ आम्ही त्याच प्रश्नावर घेतला आहे.

उत्तर शोधायला नागपूरपर्यंत जावे लागले. खरे सांगायचे तर कृषी प्रदर्शनाला जायचेच होते. महाराष्ट्र एक्सप्रेसचा तो लांबलचक प्रवास करून आम्ही पाच-सहा जण उतरलो आणि प्रदर्शनाच्या जोडीला शहरातील बसचाही अभ्यास करून आलो. नागपूरच का, असे कुणी विचारील. उसाच्या इथेनॉलवर चालणारी बस आणि विजेवर चालणारी बस, या दोन्ही ज्या गावाने आपल्या रस्त्यावर चालवून पाहिल्या, असे ते आपल्या राज्यातले गाव. आपल्या प्रश्नाचे दोन्ही पक्ष तिथे एकाच पंगतीत बसून गेले आहेत.

पहिला पक्ष आपला. ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरात स्कॅनिया या स्वीडनच्या कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस रस्त्यावर आली. देशातली या जातीची ती पहिली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तिचा पुरस्कार केला होता. इंधनाचे नाव ईडी-९५. त्यात शंभरातले ९५ भाग इथेनॉल आणि उरलेल्या ५ भागांत पेट घ्यायला मदत करणारे व इंजिनाला गंज लागू न देणारे द्रव्य. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने इंधन पेटते. इथेनॉल तसे सहज पेटत नाही, म्हणून इंजिनाचा दाबही जास्त ठेवावा लागतो. स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात अशा बस १९९० च्या आसपासपासून धावत होत्या, तेव्हा यंत्र काही कच्चे नव्हते. पुढे नागपुरात 'ग्रीन बस' या नावाने ५५ गाड्यांचा बेत ठरला आणि पंचवीसच्या आसपास गाड्या प्रत्यक्ष फिरू लागल्या. हिरव्या रंगाच्या, थंडगार, धूर नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये त्या बंद झाल्या. कंपनी आणि महानगरपालिका यांच्यात देण्याघेण्याचा वाद झाला आणि कंपनीने गाशा गुंडाळला. इंजिनात दोष निघाला म्हणून नव्हे, इथेनॉल मिळेना म्हणूनही नव्हे. किलोमीटरमागे ठरलेले पैसे, ते कधी व कोणत्या खात्यातून द्यावयाचे, कर कुणी भरावयाचा, यावर गाडे अडले. आपण तोडणी-वाहतुकीचे करार वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. कंत्राटदाराचे बिल पंधरवडाभर थकले की ट्रॅक्टर दुसऱ्या कारखान्याच्या गव्हाणीवर दिसतो, हे कुणाला सांगायला नको. बसचेही तेच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे एस.टी.च्या कराराशी तिचा संबंध येणार आहे.

आता दुसरा पक्ष. विजेवर माणसे वाहून नेणे महाराष्ट्राला अगदीच नवे नाही. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली आणि १९६४ पर्यंत चालली. 'बेस्ट' या नावात वीज आणि वाहतूक दोन्ही आहेत ते त्यामुळेच. १९६२ ते १९७१ तिथे वरच्या तारेवर चालणारी ट्रॉलीबसही होती. पण त्या गाड्या तारेला बांधलेल्या, दावणीच्या बैलासारख्या. आताची बस वीज पोटात घेऊन हिंडते, एवढाच काय तो फरक, पण तो फार मोठा. चीनमधल्या शेनझेन शहराने २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांवर बस सगळ्याच्या सगळ्या विजेवर नेल्या. आपल्याकडे पुण्याच्या पीएमपीने फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिल्या पंचवीस गाड्या घेतल्या. नागपुरात मे २०१७ मध्ये विजेच्या टॅक्सी आणि रिक्षांचा मोठा प्रयोग गाजावाजा करून निघाला. चार्जिंगच्या रांगेत तास-तास उभे राहून टॅक्सीवाले कंटाळले आणि तो ओसरला. नंतर २०२० च्या सुमारास महिलांसाठी 'तेजस्विनी' नावाच्या विजेच्या बस आल्या आणि पाठोपाठ पालिकेच्या 'आपली बस' सेवेत आणखी गाड्या येत गेल्या.

मोरभवनच्या स्थानकावरून आम्ही अशा एका गाडीत बसलो. गाडी सुटली तरी आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या सभासदांना पत्ता नव्हता. "सुरू कधी करणार?" असे ते चालकाला विचारत होते, तेव्हा गाडी स्थानकाबाहेर पडली होती! क्लच नाही, गिअर नाही, हादरे नाहीत. बसून झाल्यावर तेच म्हणाले, "विहिरीवरचं ऑइल इंजिन काढून मोटार बसवली तेव्हा अस्संच वाटलं होतं बघा."

याहून सोपे करून आम्हांलाही सांगता येणार नाही. ऑइल इंजिनात घातलेल्या डिझेलचा फार तर तिसरा हिस्सा पाणी उपसायला लागतो, बाकीचा उष्णता होऊन जातो. विजेची मोटार मिळालेल्या विजेतला शेकडा ८५ ते ९० हिस्सा कामाला लावते. बसमध्येही तसेच. शिवाय चालकाने ब्रेक दाबला की तीच मोटार उलटी जनित्र होते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते. शहरात दर दोनशे पावलांवर थांबा असतो, तिथे हा फायदा बरा मिळतो. लांब पल्ल्याच्या रस्त्यावर कमी.

हिशेब मांडू. डिझेल नव्वद रुपये लिटर धरले आणि साधी एस.टी. लिटरला साडेचार किलोमीटर गेली, तर किलोमीटरला वीस रुपयांचे डिझेल. विजेच्या मोठ्या वातानुकूलित बसला किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट लागते. युनिटला आठ रुपये धरा. दहा ते बारा रुपये झाले. म्हणजे जवळजवळ निम्मा खर्च वाचला. ऐकायला छान वाटते. पण गाडीची किंमत? साध्या डिझेल बसच्या तिप्पट-चौपट, दीड कोटीच्या घरात. वरचा एक कोटी किलोमीटरमागच्या नऊ रुपयांतून काढायचा. दिवसाला दोनशे किलोमीटर, वर्षाचे तीनशे तीस दिवस धरले, तर वर्षाला सहा लाख. सोळा-सतरा वर्षे लागतील, तोवर बॅटरी म्हातारी झालेली असेल. तीच गाडी दिवसाला तीनशे किलोमीटर पळवली तर नऊ लाखांच्या आसपास सुटतात आणि अकरा वर्षांत भागते. ऊसतोडणी यंत्राचा हिशेब ज्यांनी केला आहे त्यांना हे लगेच कळेल. यंत्र फडात उभे राहिले की मालक बुडाला, चालत राहिले की तरला.

आणि नागपूरचे ऊन! मे महिन्यात पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला सहज जातो, सत्तेचाळीसच्या पुढेही गेलेला आहे. बॅटरीला आपल्यासारखेच पंचवीस-पस्तीस अंशांत बरे वाटते. म्हणून तिला थंड ठेवायला पाणी फिरवावे लागते, वर प्रवाशांचा एसी. ही सगळी वीज त्याच बॅटरीतून जाते. कागदावर दोनशे किलोमीटर लिहिलेली गाडी उन्हाळ्यात तेवढी जाणार नाही, हे धरूनच वेळापत्रक बांधावे लागते.

चार्जिंगचे गणित तर शेतकऱ्याला फार लवकर समजेल. आगारात पंचवीस बस एकदम चार्जिंगला लावल्या आणि प्रत्येकीने १२० किलोवॅट ओढले, तर ३००० किलोवॅट झाले. पाच अश्वशक्तीचे आठशे कृषिपंप एकदम चालू केल्यासारखे. गावच्या डीपीचे काम नव्हे ते. स्वतंत्र उपकेंद्र लागते, तार लागते, ट्रान्सफॉर्मर लागतो. नुसत्या बस विकत घेऊन भागत नाही. बस आल्या आणि चार्जर नाही, किंवा चार्जर आला आणि वीजजोड नाही, अशी रडकथा एकदा चालू झाली की गाड्या धूळ खात उभ्या राहतात.

आणखी एक. नागपूरची वीज येते कोठून? शहराच्या उशालाच कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची केंद्रे आहेत. बसच्या नळीतून धूर निघत नाही हे खरे, पण तो त्या धुराड्यातून निघतो, आणि राख मागे राहते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटून राखेचे पाणी शिवारात शिरले होते. शहरातल्या माणसाच्या छातीला आराम मिळाला आणि खेड्यातल्या शेतात राख आली, असा सौदा असेल तर आपण त्याला डोळे मिटून चांगला म्हणू नये.

इथेच आपला ऊस पुन्हा येतो. सभेतल्या त्या सभासदांनी इथेनॉलचे विचारले, पण बगॅसचे विचारले नाही. एक टन ऊस गाळला की साखर निघून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस आणि ४० ते ४५ किलो मळी उरते. मळीतून दहा लिटरच्या आसपास इथेनॉल. बगॅस जाळून कारखान्याची वाफ-वीज भागवून, उच्च दाबाचा बॉयलर असेल तर, टनाला ऐंशी युनिटपर्यंत वीज बाहेर विकता येते. डिस्टिलरी चालवायलाही वाफ लागते, तेवढी कमी धरा.

आता बघा. इथेनॉलवरची मोठी बस लिटरला दोन किलोमीटरच्या आसपास जाते, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये डिझेलच्या मानाने शक्तीच कमी. म्हणजे दहा लिटरमध्ये वीस किलोमीटर. ऐंशी युनिट विजेत, तारेवरची गळती वजा करून, तीच बस पन्नास किलोमीटर जाते. एका टनातून साखर काढून घेतल्यावर राहिलेल्या मळी-चिपाडावर बस सत्तर किलोमीटर चालते आणि त्यातला मोठा वाटा चिपाडाच्या विजेचा! नागपूरहून भंडाऱ्याला पोचायला तेवढे पुरे. आम्ही हा हिशेब गाडीतच कागदावर मांडला आणि दोनदा तपासला, कारण आमचाही विश्वास बसेना.

पण पैशाचे गणित वेगळे आहे, तेही लपवीत नाही. सी-हेवी मळीच्या इथेनॉलला २०२४-२५ सालासाठी लिटरला ५७ रुपये ९७ पैसे दर ठरला. दहा लिटरचे पाचशे ऐंशी झाले. ऐंशी युनिटचे पाच रुपयांनी चारशे. म्हणजे किलोमीटर जास्त विजेत, रुपये जास्त इथेनॉलमध्ये. शिवाय इथेनॉल टाकीत भरून ठेवता येते. वीज ठेवता येत नाही, गाळप बंद झाले की धुराडे बंद, आणि बस तर बारा महिने चालायची. तेव्हा कुणी उठून "डिस्टिलरी मोडा आणि सगळे सहवीजवर लावा" म्हणाला तर ते ऐकू नका.

मग विजेच्या बसने आपले इथेनॉल मार खाणार का? आमचे उत्तर, बसमुळे नाही. आपले इथेनॉल जाते पेट्रोलमध्ये आणि बस चालते डिझेलवर. नागपूरची ती ग्रीन बस बंद झाल्यावर बसगाडी ही आपली गिऱ्हाईक राहिलेलीच नाही. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधले मिश्रण वीस टक्क्यांवर गेले, ते मोटारी आणि दुचाकींच्या टाकीतून. तेव्हा ज्याला भ्यायचे ते विजेच्या स्कूटरला भ्यावे. ती आपल्याच पोरांनी घेतलेली असते, आणि गोठ्याच्या भिंतीला चार्जिंगला लावलेली असते! पेट्रोलचा मोठा वाटा दुचाकीच पितात. त्या जसजशा विजेवर जातील तसतशी इथेनॉलची मागणी वाढायची थांबेल. हे एका वर्षात होणार नाही, पण कर्जफेडीची मुदत आणि हा बदल एकाच काळात चालणार, हे संचालक मंडळाने आणि आपण सर्वांनी विसरू नये.

दुसरे भय सरकारी हुकमाचे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका कागदानिशी बंदी घातली, गाळप ऐन भरात असताना. बी-हेवीवरही मर्यादा आली. ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. त्या आठ-नऊ महिन्यांत डिस्टिलऱ्या अर्ध्या रिकाम्या होत्या आणि हप्ते मात्र पुरते चालू होते. विजेच्या बसने एवढे नुकसान कधीच केलेले नाही. असो.

आता ज्या गोष्टीसाठी हा पाठ मुख्यतः लिहिला तिच्याकडे येतो. ती आहे आपली एस.टी.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर 'शिवाई' ही तिची पहिली विजेची गाडी सोडली. त्यानंतर २०२३ मध्ये महामंडळाने ५,१५० विजेच्या बस भाड्याने घ्यावयाचे ठरविले. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, वाहक एस.टी.चा, आणि एस.टी.ने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. गाड्या वेळेवर आल्या नाहीत म्हणून मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी करार रद्द करण्याची भाषा केली. केंद्रानेही ऑगस्ट २०२३ मध्ये शहरांसाठी दहा हजार बसची पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली, तीही याच किलोमीटरच्या हिशेबाची.

अशा करारात गाडी भरलेली असो की रिकामी, एस.टी.ला मोजावे लागते. मग महामंडळ ती गाडी कुठे चालवील? पुणे, नाशिक, नागपूर-अमरावती अशा भरगच्च मार्गावर. त्यात महामंडळाचा दोष नाही, आपण असतो तरी तेच केले असते. पण खेड्याचे काय? आमची काळजी मुक्कामी गाडीची आहे. रात्री आठ-नऊला गावात येऊन चावडीपुढे किंवा देवळापुढे उभी राहणारी, पहाटे पहिल्यांदा सुटणारी ती लाल गाडी. तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी बाई, दुधाच्या किटल्या, अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासावर हायस्कूलला जाणाऱ्या मुली, सगळे तिच्यावर. २०२१-२२ च्या संपात ही गाडी पाच-सहा महिने आली नाही, तेव्हा किती मुलींची शाळा चुकली ते आपल्याच घरात पाहिले आहे.

विजेची बस गावात मुक्कामाला राहील, तर ती चार्ज कशावर करणार? देवळाच्या मीटरवर? रिकाम्या पोटी पहाटे सुटणार नाही. म्हणून जुनी डिझेल गाडी मोडीत निघाली आणि जागी विजेची आली, की मुक्काम आपोआप आगारात जाईल आणि आपल्याला सांगतील, "सकाळी नऊला येईल गाडी." कॉलेजची घंटा साडेसातला होते.

आमची सूचना अशी. आपल्या कारखान्याला स्वतःचे वीज उपकेंद्र आहे, हमरस्त्याला लागून जागा आहे, रात्रभर जागता पहारा आहे आणि हंगामात विकायला वीज आहे. कारखान्याच्या आवारात दोन-तीन चार्जर बसले, तर भोवतालच्या दहा-बारा गावांच्या गाड्या रात्री इथे मुक्कामाला राहून पहाटे आपापल्या गावी जाऊ शकतील. कोणते गाव सात किलोमीटरवर, कोणते पंधरावर. तेवढे अंतर रिकामे जाणे एस.टी.ला आगारातून येण्यापेक्षा परवडेल. २००३ च्या वीज कायद्यात आपली वीज दुसऱ्या ग्राहकाला देण्याची वाट आहे, पण वहन आकार आणि अधिभार लागतात. ते जाऊन काय उरते याचा हिशेब लेखा विभागाने मांडावा, तोवर घाई करू नये. आणि नागपूरची ग्रीन बस आठवून करारात पैसे कोण, कधी, कोणत्या खात्यातून देणार हे पहिल्या पानावर लिहून घ्यावे.

महामंडळाकडे जाताना हातात आकडे हवेत. म्हणून प्रत्येक गावच्या सभासदांनी आपल्या गावची मुक्कामी गाडी किती वाजता येते, किती वाजता सुटते, सकाळच्या फेरीला किती पासधारक मुली-मुले असतात, आणि गेल्या वर्षभरात गाडी किती दिवस आली नाही, एवढे एका कागदावर लिहून आपल्या गटाच्या चिटबॉयकडे किंवा शेतकी गट कार्यालयात द्यावे. ज्या गावची मुक्कामी गाडी याआधीच बंद झाली आहे, त्यांनी ती कोणत्या साली बंद झाली तेही लिहावे.